डावीकडे ओढण्याचा स्वभाव

माणसाने पक्ष बदलावा, घर बदलावं, वेळ पडल्यास चष्म्याचा नंबरही बदलावा. स्पोर्ट्स कारची कंपनी मात्र बदलू नये. पक्ष बदलणाऱ्याला नव्या पक्षात निदान हार तरी घालतात. कंपनी बदलणाऱ्याला जुने लोक ओळख देत नाहीत, नवे लोक ओळखत नाहीत, आणि मधल्या मध्ये तो बिचारा जमिनीपासून वीतभर उंचीवर एकटाच बसून राहतो.

आमच्या दातांच्या डॉक्टरांनी हे धाडस पन्नाशी उलटल्यावर केलं. इतकी वर्षं ते चांदीच्या बगळ्याचं चिन्ह असलेली गाडी चालवत होते. मग एके दिवशी काळ्या रानडुकराचं चिन्ह असलेली गाडी घेऊन दारात उभे राहिले. का, असं विचारलं तर म्हणाले, "बगळ्यात आता संवाद उरला नव्हता." (जाणकारांच्या मते गाडीशी संवाद स्टिअरिंगमधून होतो. घरातल्या माणसांशी तो कशातून होतो, याबद्दल जाणकार गप्प आहेत.)

इमारतीत गाडीला जागा एकच. बगळ्याच्या मागे बायकोची छोटी गाडी कशीबशी मावायची, पण रानडुक्कर अंगाने रुंद. तेव्हा छोटी गाडी विकली. बायको वीज कार्यालयात तक्रारींच्या खिडकीवर बसते. ऐकून घेणं हीच तिची नोकरी असल्यामुळे तिने तेही ऐकून घेतलं.

आता गाडीच्या गुणांकडे वळू. ती ताशी तीनशे किलोमीटर पळते. डॉक्टरांच्या घरापासून दवाखान्यापर्यंतच्या रस्त्यावर वाहनांचा सरासरी वेग ताशी अकरा किलोमीटर आहे. (हातगाडीवाल्याचा बारा, पण त्याला घाई असते.) उरलेला सगळा वेग डॉक्टर मनात ठेवत, आणि तो अधूनमधून पेशंटवर निघे.

बगळेवाल्यांची एक रीत होती. समोरून आपल्यातला दुसरा आला की स्टिअरिंगवरची दोन बोटं उचलायची. गाडी बदलली तरी बोटांना कोण सांगणार? दुसऱ्याच दिवशी सिग्नलला समोर बगळा दिसला आणि डॉक्टरांची बोटं आपोआप वर गेली. बगळेवाल्याने शांतपणे काच वर केली. याच गृहस्थाच्या मुलीचे वेडेवाकडे दात डॉक्टरांनी तारा बांधून सरळ केले होते. डॉक्टरांना त्या रात्री जेवण गेलं नाही. आता काहीही करून रानडुक्करवाल्यांनी आपल्याला आपलं म्हटलं पाहिजे, नाहीतर आपण ना घरचे ना घाटचे, हे त्यांनी ओळखलं.

रानडुक्करवाल्यांची रीत अधिक कडक. (त्यांना 'डुक्करवाले' म्हटलेलं चालत नाही, ते स्वतःला 'वन्य' म्हणवतात.) नव्या माणसाचा गाडीवर हात बसला की नाही, हे त्यांचे सर्वांत ज्येष्ठ सभासद स्वतः शेजारी बसून ठरवतात. या ज्येष्ठांना सगळे 'वळणमहर्षी' म्हणत. पास झालेल्याला कोटाला लावायला छोटं रानडुक्कर मिळे. नापास झालेल्याला कोणी काही बोलत नसे, हीच शिक्षा.

आणि इथेच घोळ होता. गाडी डावीकडे ओढत होती.

पहिल्या आठवड्यात थोडी, दुसऱ्यात जास्त. स्टिअरिंग जरा सैल सोडलं की गाडी कडेच्या कठड्याकडे निघे, जणू तिथे तिचं माहेर आहे. त्यातच समोरच्या पट्टीवर एक पिवळा दिवा लागला. अर्धगोल आकृती, आणि तिच्या पोटात उद्गारचिन्ह.

डॉक्टर शोरूममध्ये गेले. तिथे तक्रार विभाग नव्हता; 'अनुभव सल्लागार' होता. त्याने गाडीकडे न पाहता डॉक्टरांकडे पाहिलं. "सर, आधी बगळा होता ना? मग असं वाटणारच. बगळा आज्ञाधारक. ही गाडी मताची आहे."

"अहो, पण डावीकडे ओढते!"

"तिचा स्वभाव आहे तो, सर. दोष वेगळा, स्वभाव वेगळा."

डॉक्टरांना हे मनापासून पटलं. स्वस्त वस्तूत जो दोष असतो, तोच महाग वस्तूत स्वभाव होतो, हा बाजाराचा मूळ सिद्धान्त आहे आणि त्यावरच जगातले बरेच कारखाने चालतात. राहिला पिवळा दिवा. त्याचा अर्थ वळणमहर्षींनी फोनवर सांगितला, "ती तुम्हाला ओळखायला लागलीय हो! उद्गारचिन्ह दिसलं ना? माझ्या गाडीला तर तीन वर्षं लागली."

बायको तेव्हा शेजारीच भाजी निवडत होती. ती म्हणाली, "अहो, तो चाकातल्या हवेचा दिवा आहे. डाव्या चाकात हवा कमी असेल. माझ्या गाडीला पण लागायचा."

"तुझ्या गाडीला लागायचा तो हवेचाच," डॉक्टर समजूतदारपणे म्हणाले. "ती गाडीच तेवढी होती."

ती पुन्हा भाजी निवडू लागली. खिडकीवर बसणाऱ्या माणसाला एक कळतं: सांगून झालेलं परत सांगायचं नसतं.

मग डॉक्टरांनी जुळवून घ्यायला सुरुवात केली, आणि माणूस मनावर घेतो तेव्हा काय करू शकतो, याचा हा नमुनाच म्हणावा लागेल. गाडी डावीकडे ओढते तर आपण उजवीकडे ओढायचं. त्यासाठी उजवा खांदा बळकट हवा. घरी फिजिओथेरपीच्या बाई येतच होत्या. त्या खरं म्हणजे बाबांसाठी येत. डॉक्टरांच्या वडिलांना गेल्या वर्षी अर्धांगाचा झटका आला होता. बोलणं शाबूत राहिलं, डावा पाय मात्र ओढत चालायला लागले. बाईंनी बाबांना पाऊलभर सुधारलंही होतं. पण बाईंचा तास एकच, आणि खांदा तातडीचा. बाबांचं वय पाहता त्यांची प्रगती तशी मर्यादितच, असं डॉक्टरांनी बाईंना वैद्यकीय भाषेत समजावलं आणि तो तास आपल्याकडे घेतला.

बाबांनी कुरकुर केली नाही. त्यांना दुसरंच एक हवं होतं. शहराच्या दुसऱ्या टोकाला त्यांची थोरली बहीण, अक्का, अंथरुणाला खिळली होती. आई गेल्यावर तिनेच बाबांना वाढवलेलं. शाळेत कडेवर घेऊन जायची आणि वर्गाच्या दाराशी खाली ठेवायची. आता ती कोणाला ओळखे, कोणाला नाही. भाचा फोन करून सांगे, "मामा, तुमचं नाव घेते अधूनमधून. ओळखते आहे तोवर या."

"नेतोस का रे मला?" बाबा विचारत.

"नेणार ना! गाडीशी एकदा जुळू दे, मग जाऊ."

"जुळव बाबा, जुळव. नाहीतरी तीही डावीकडे ओढते, मीही डावीकडे ओढतो. दोघांना एकत्र घेतलंस तर खड्ड्यातच जाशील."

बाबांनी हा विनोद केला होता. डॉक्टरांनी तो हिशेबात घेतला. डाव्या सीटवर बाबांचं वजन आलं तर स्वभावाचा तोल बिघडणार, हे उघड होतं. त्यांनी भेट पुढे ढकलली. (पुढे त्याच सीटवर वळणमहर्षी बसले. त्यांचं वजन बाबांच्या जवळजवळ दुप्पट, पण ते अनुभवाचं वजन होतं.)

टॅक्सी करावी, असं बायको म्हणाली. त्यावर डॉक्टर दुखावले. दारात एवढी गाडी असताना आपल्या बाबांना टॅक्सीने पाठवायचं? लोक काय म्हणतील? "रविवारी मी स्वतः नेतो," ते म्हणाले, आणि हे त्यांनी अगदी मनापासून म्हटलं.

त्याच रविवारी सकाळी वळणमहर्षींनी परीक्षा ठेवली.

या शहरात परीक्षा घेण्याजोगं वळण एकच आहे: पाणी शुद्धीकरण केंद्रामागचा, उड्डाणपुलावरून डावीकडे उतरणारा रस्ता. सगळे वन्य रांगेत उभे होते. महर्षी डाव्या सीटवर बसले, म्हणजे आधी वाकले, मग अडकले, मग दोघांनी मिळून त्यांना आत घातलं. डोळे मिटून ते म्हणाले, "चला. मला फक्त ऐकायचंय."

इकडे घरी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून दाराजवळच्या खुर्चीत बसले होते. बूट त्यांचे त्यांनीच चढवले होते. डाव्या पायाला फार वेळ लागतो, म्हणून पहाटेच उठले होते. बायकोने फोन लावला. डॉक्टरांचे दोन्ही हात संवादात गुंतले होते. तिने पुन्हा लावला. मग तिने पायातल्या सपाता काढून चपला घातल्या, खाली जाऊन टॅक्सी थांबवली आणि सासऱ्यांना धरून हळूहळू जिना उतरवला. टॅक्सीचं एक दार दोरीने बांधलेलं होतं. टॅक्सी सरळ गेली.

पुलावर मात्र विलक्षण प्रकार घडत होता. वळण डावीकडचं, गाडीही डावीकडची! डॉक्टरांनी काही केलंच नाही. गाडी आपणहून वळली. महर्षींच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. "वा! काय पकड आहे! जमिनीला अगदी चिकटून चाललीय." हे खरं होतं. डावं चाक एव्हाना सपाटच झालं होतं. मग 'फुस्स' असा दीर्घ आवाज आला, गाडी कठड्याला टेकली आणि थांबली.

"थांबलीसुद्धा स्वतःच," महर्षी डोळे न उघडता म्हणाले. "पास."

टाळ्या पडल्या. कोटावर रानडुक्कर चढलं. डॉक्टरांचे डोळे भरून आले; आपल्याला आपलं म्हणणारं कोणीतरी आहे, असं त्यांना फार दिवसांनी वाटलं. चाक बदलणाऱ्यांना बोलावलं. त्यांनी नवं चाक लावलं, हवा भरली आणि ते निघून गेले. पिवळा दिवा विझला. गाडी सुतासारखी सरळ धावू लागली.

पण डॉक्टरांचा खांदा आता सुधारलेला होता. गाडी सरळ, माणूस उजवीकडे. ते दुभाजकावर चढले आणि 'सावकाश जा' या पाटीचा खांब आडवा करून मगच थांबले.

दुसरा कोणी असता तर शहाणा झाला असता. डॉक्टरांनी त्याहून खोल विचार केला. गाडीचा स्वभाव मारला गेला होता, तिची ओळख पुसली गेली होती, दिवा विझला होता! घरी येऊन त्यांनी दवाखान्याच्या पिशवीतून दात कोरायचा बारीक आकडा काढला, डाव्या चाकाशी उकिडवे बसले आणि व्हॉल्व्हचं टोक हलकेच दाबून थोडी हवा सोडली. पिवळा दिवा लागला. डॉक्टरांनी स्टिअरिंग थोपटलं. "आलीस?"

ही बातमी वन्यांमध्ये वाऱ्यासारखी पसरली. आता दर रविवारी पुलाखाली गाड्यांची रांग लागते आणि डॉक्टर एकेका चाकाची हवा स्वतःच्या हाताने काढून देतात, भूल न देता. याला 'मूळ स्वभाव जागवणे' म्हणतात. वळणमहर्षींनी सर्वांत आधी करून घेतलं.

अक्का परीक्षेच्या रविवारनंतर पुढच्याच आठवड्यात गेली. त्या रविवारी तिने भावाला ओळखलं होतं. अर्धा तास हात हातात धरून बसली, आणि मधेच म्हणाली, "एवढा मोठा झालास, आता कडेवर नाही हं घेणार." भाच्याच्या घरी सांत्वनाला डॉक्टर आपल्या गाडीने गेले, कठडे चुकवत, सगळ्यांच्या नंतर पोचले. कोटाला रानडुक्कर होतं. चार लोकांत हात जोडून म्हणाले, "भेट झाली हे फार बरं झालं. आम्ही वेळेवर आणलं बाबांना." बायकोने मान वळवली आणि खिडकीबाहेर पाहिलं.

परतल्यावर घरच्या जिन्यात बाबांचा पाय पायरीवर घासला. डॉक्टर मागून म्हणाले, "बाबा, पाय उचलून टाका जरा. सरळ चाला. प्रयत्नच करत नाही तुम्ही."

बाबा कठड्याला धरून थांबले. वळून लेकाकडे पाहिलं, आणि अगदी मायेने म्हणाले, "अरे, दोष नाही तो. तुझ्या गाडीसारखा स्वभाव आहे म्हण. मग तरी चालेल ना तुला?"

डॉक्टरांना यातलं काही लागलं नाही. ते पुन्हा खाली गेले, दिवा चालू आहे ना ते बघायला.

वाचकांना इथे डॉक्टरांचा राग आला असेल, तर तो योग्यच आहे. त्यांना तो अवश्य यावा. फक्त राग ओसरल्यावर आपल्याही घरात 'पुढच्या रविवारी नक्की जाऊ' असं सांगून बूट घालून बसवून ठेवलेलं कोण आहे, तेवढं एकदा बघून यावं. आपल्याकडे स्पोर्ट्स कार नाही, हे कारण ग्राह्य धरलं जाणार नाही.