पाच फूट रुंदीचे तात्या

तात्यांच्या घरात शिरायचं तर आधी दारातली सायकलची घंटी वाजवावी लागते. आतून उलट घंटी आली तर थांबायचं. समोरून कुणीतरी येतंय. घर पाच फूट रुंद आणि साठ फूट लांब. आत दोन माणसं समोरासमोर आली, तर एकाला मागं सरकत जावं लागतं. तो मान तात्या नेहमी पाहुण्याला देतात.

तात्या आमचे पिंपळीतले शेजारी. वय साठीपुढं, माणूस एकटा. घराबद्दल कुणी कुजकं बोललं की त्यांचं उत्तर ठरलेलं: "रुंदी काय बघता? लांबी बघा की!" त्यांनी कपाट उघडलं की रस्ता बंद. टीव्ही पुढच्या टोकाला आणि तात्या मागच्या. "बातम्या लांबनंच बऱ्या," म्हणतात. लग्नाचं एकदा जमत आलं होतं, पण मुलीचा बाप टेप घेऊन आला.

गेल्या निवडणुकीत एक उमेदवार लवाजम्यासह मतं मागायला आला. एकामागं एक आत घुसले. उमेदवार चहा पिऊन मागच्या दारानं गेलासुद्धा, तेव्हा त्याच्या नावाच्या घोषणा देणारे अजून पुढच्या दारात होते. तात्या त्यांना म्हणाले, "बाबांनो, तुमचं सायेब निसटलं!"

आमच्याकडं वाटणीची रीतच अशी. प्रत्येक भावाला रस्त्याला तोंड पाहिजे, मग जागा काकडीसारखी उभी चिरायची. रस्त्याला तोंड मिळतं. पाठ कुठं टेकायची ते ज्याचं त्यानं बघावं. पण तात्यांच्या दोन्ही थोरल्या भावांची घरं दहा-दहा फुटांची, मग यांचं पाचाचं कसं? हा प्रश्न मला लहानपणापासून छळत होता.

यंदा कचेरीतून नोटीस आली. एवढ्या अरुंद बांधकामाला घर म्हणता येत नाही. महिन्याभरात शेजारची मोकळी पट्टी जोडून घ्या, नाहीतर पाडा. माझं डोकं फिरलं. ज्यात माणूस तीस वर्षं राहिला, त्याला घर म्हणायचं नाही? समोरचा चहा गार व्हायच्या आत मी पत्रक लिहिलं. मथळा: 'तात्यांची निम्मी जागा कुणी लाटली?' खाली दोन्ही भावांचा यथेच्छ उद्धार.

तात्यांनी शांतपणे वाचलं. म्हणाले, "खोड ते. निम्मी मीच दिलीया."

वाटणीच्या वेळी भावांनी पळसदेवहून धाकट्या बहिणीला, शालनमावशींना बोलावलं होतं, हक्कसोडीवर सही करायला. म्हणजे बापाच्या जागेत मला काही नको, असं लिहून द्यायला. तिलाही वाटा द्या म्हटलं तर भाऊ ऐकेनात, तेव्हा तात्यांनी आपले दहा फूट मधोमध चिरले आणि निम्मे तिच्या नावावर केले. शेजारची मोकळी पट्टी ती हीच. तात्या ती रोज झाडतात, पण तिथं ओला टॉवेलसुद्धा वाळत घालत नाहीत.

"मग सोपं आहे," मी म्हणाले. "मावशी आता सही देतील. घर वाचेल."

"व्हय? आन् ते 'बहिणींनो, हक्कसोडीवर सही करू नका' कुणाचं पत्रक हुतं गं, पुढारीणबाई? गावभर तूच वाटलंस न्हवं?"

तरी मी मावशींना फोन केलाच. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं त्या आल्या, पिशवीतून पेन काढतच.

"कुठं सही करू, दादा?"

"कुठंच न्हाय. तुज्या बापाची जागा हाय ती."

"आन् घर पाडल्यावर?"

"पाडू देत. आमी राहू कुठंबी."

"तू राहशील रं!" मावशींचा आवाज चढला. "मी माहेरला म्हणून कुणाच्या दारात जाऊ? त्या मोकळ्या पट्टीत बसू व्हय?"

तात्यांनी झाडू उचलला आणि सकाळी झाडलेली पट्टी पुन्हा झाडायला घेतली.

मी तिथूनच कचेरीत फोन लावला. दोन्ही पट्ट्या मिळून एक घर, दोघांच्या नावावर, चालेल का?

"चालतंय की," कारकून म्हणाला. "पण बहिणीचं नाव ठेवून कुणी मागतच नाही."

त्याच्यावर एक स्वतंत्र पत्रक होणार आहे. पण आधी अर्ज भरायला बसलो. मालकांत तात्यांनी मावशींचं नाव आधी घालायला लावलं. पुढचा रकाना होता, राहणाऱ्या व्यक्तींची संख्या. मी एक लिहायला पेन टेकवलं.

"दोन लिही की," तात्या हळूच म्हणाले.

मावशी हसल्या. "आरं, मी भाऊबीजेला येती. दोन दिस."

"मग त्येवढं दोन दिस लिही."

रकान्यात दिवस लिहायची सोय नव्हती. मी दोन लिहिलं.