निरोगी घराण्यातील उमेदवार

फुप्फुसविकार व अतिदक्षता या विषयातील फेलोशिपसाठी मी अर्ज केला, तेव्हा माझ्या घरातील एकही व्यक्ती श्वसनविकाराने दगावलेली नव्हती, हे मी नम्रपणे मान्य करते.

‘हाच विषय का?’ या प्रश्नाखाली मी खरं ते लिहिलं: मला हे काम आवडतं आणि जमतं. आमच्या सीनिअर ताईंनी वाचून कपाळाला हात लावला.

“आवडतं? आवडायला हे काय आइस्क्रीम आहे? समितीला हुंदका लागतो, अगं. घरात कुणी गेलंय?”

“नाही.”

“दमा? निदान जुनाट खोकला?”

मी मान खाली घातली. “सासरे रोज टेकडी चढतात. शीळ वाजवत.”

“मग कठीण आहे बाई तुझं. माझ्या पहिल्या अर्जात काका वारले, दुसऱ्यात काकू. तेव्हा कुठे जागा मिळाली. तसे दोघंही मजेत आहेत.”

घरी ठमीला भरवताना मी हे सांगितलं. ठमी म्हणजे माझी लेक. तेव्हा नुकतीच रांगू लागली होती, आणि जगातली प्रत्येक वस्तू आधी चाखून मग ओळखायची.

सासरे गहिवरले. “पोरी, तुझ्यासाठी मरणं जरा जास्त होईल. खोकून देतो.”

“तुम्ही?” सासूबाई उसळल्या. “इतकी वर्षं मी खोकतेय, तिकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. संधी आली की लगेच हे पुढे!”

“कुणीही खोकायचं नाही,” मी बजावलं. तरी मुलाखतीच्या दिवशी सासरे, लागलेच तर असावेत म्हणून, जुना विटका स्वेटर घालून खालच्या मजल्यावर सज्ज राहिले. त्याआधी ठमी तासभर त्यांच्या मांडीवर होती.

मुलाखत लॅपटॉपवर होती. ठमी माझ्या मागे चटईवर. पडद्यावरच्या अध्यक्षांनी गंभीरपणे विचारलं, “डॉक्टर, रुग्णाची श्वासनलिका अचानक बंद झाली, तर आपण शांत राहू शकाल?”

त्याच क्षणी ठमी गप्प झाली.

तिचं रडणं मला झोपेतही ऐकू येतं. तिचं गप्प होणं त्याच्याही आधी. वळून पाहिलं तर ओठ निळे. तिला हातावर पालथी घेतली, डोकं खाली, पाठीवर दणके दिले. स्वेटरचं बटण टुणकन उडून लॅपटॉपवर आपटलं आणि ठमीने असं भोकाड पसरलं की इतका गोड आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. तिच्या घामेजल्या टाळूचा पापा घेतला, तिला मांडीवर बसवलं आणि म्हटलं, “हो. राहू शकेन.”

“आपण कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर गेला होतात,” अध्यक्ष म्हणाले. “त्याचे गुण कापले जातील.”

“तिच्या घशात बटण अडकलं होतं, सर.”

“ते प्रात्यक्षिकात येतं. आज फक्त मुलाखत आहे.”

इतक्यात दार धाडकन उघडलं. ठमीची किंकाळी ऐकून सासरे जिना धावत चढले होते. टेकडीला जे इतक्या वर्षांत जमलं नाही, ते नातीने एका दमात केलं होतं. चेहरा पांढराफटक, हात छातीवर, स्वेटरला एक बटण कमी.

“श्वास... श्वास... घेते ना?”

समिती पुढे सरसावली. “हे कोण?”

“सासरे.”

“आणि हे... असे... केव्हापासून?”

“आत्तापासून, सर.”

सदस्य बाईंनी डोळ्यांना रुमाल लावला. “इतकं मोठं दुःख, आणि अर्जात एक अक्षर नाही! किती हा संयम!” कापलेले गुण व्याजासकट परत मिळाले. जागाही मिळाली. सासरे दुसऱ्या दिवशी शीळ वाजवत टेकडीवर गेले. सासूबाई अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.

यंदा नव्या अर्जांची छाननी माझ्याकडे आहे. काल ठमीला थोपटता थोपटता गठ्ठा उघडला. वरच्याच अर्जात एका मुलीने लिहिलं होतं: मला हे काम आवडतं आणि जमतं. मी जांभई दिली आणि पुढचा अर्ज घेतला. त्यात पहिल्याच ओळीत आजोबांना धाप लागली होती. काय सांगू, डोळे भरून आले.

तेव्हा वाचकहो, उद्या तुमचा श्वास अडकलाच, तर घाबरू नका. उशाशी येणाऱ्या डॉक्टरला नळी घालता येते की नाही, ते देवाला ठाऊक. पण त्याचे आजोबा नक्की वारलेले असतील. एवढं मी जातीने पाहिलंय.