रोज एक तास, बायकोशी

फॉर्मवर प्रश्न होता, तुमचा स्वभाव बोलका की अबोल? स्टोअरकीपरने 'बोलका'वर टिक मारली. खाली विचारलं होतं, इंग्रजीचा सराव कसा करता? तिथे त्याने बेधडक ठोकून दिलं, 'रोज एक तास, बायकोशी.' कारखान्यातल्या इंग्रजी वर्गाच्या बाईंनी शिफारस केली, तरच त्याला खरेदी विभागात बढती मिळणार होती. आणि बोलक्या माणसाला भाषा लवकर येते, हे बाईंचं ठाम मत. मग माणसाने करायचं तरी काय?

फॉर्म वाचून बाई हरखल्याच. "अहो, केवढी छान पद्धत! शनिवारी मिसेसना घेऊनच या. दोघं सगळ्यांसमोर बोलून दाखवा. मॅनेजरसाहेबांनाही बोलावते."

त्याच्या पायांखालची जमीन सरकली. "ती... जरा लाजाळू आहे हो."

"मग तर आणायलाच हवं!"

घरी त्याने बायकोला सांगितलं. सांगितलं म्हणजे काय, ताटाकडे बघत पुटपुटला. "तू फक्त येस म्हणायचं."

"आणि नो कधी म्हणायचं?"

"नो अजिबात नाही!"

शनिवारी वर्ग गच्च भरला. मॅनेजर पहिल्याच बाकावर. घोकून घोकून पाठ केलेलं वाक्य स्टोअरकीपर ऐनवेळी साफ विसरला. शेवटी बाईंनीच त्याच्या बायकोला इंग्रजीत विचारलं, "हे घरी तुमच्याशी रोज तासभर बोलतात ना?"

येस म्हण गं बाई, त्याने मनातल्या मनात हात जोडले.

ती सावकाश, पण न अडखळता इंग्रजीत म्हणाली, "नो. हे माझ्याशी बोलतच नाहीत. इंग्रजीत नाही आणि आपल्या भाषेतही नाही."

अख्खा वर्ग खो खो हसला. बाई थक्क झाल्या. "मग तुम्ही इतकं छान शिकलात कुठे?"

"यांचं पुस्तक घरीच पडलेलं असतं. त्यात दोन माणसांचे संवाद आहेत. दोघांचंही मीच बोलते."

आता कोणी हसलं नाही. मॅनेजर उगाचच घड्याळ बघू लागले. स्टोअरकीपरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बढती तर बुडालीच होती, पण त्या क्षणी त्याला बढतीचं काही वाटेना. ओट्याशी उभी राहून बायको त्याच्याही वाटची वाक्यं म्हणत असेल, हे डोळ्यांसमोर आलं आणि शरमेने त्याला मान वर करवेना.

परतताना दोघं चालत निघाले. त्याने तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा मिटलं.

ती थांबली. "बोला हो," ती म्हणाली, "चुकलं तरी चालेल."