कोळिष्टक संवर्धन कक्ष

नवा जिल्हा झाला त्याच वर्षी पाऊस झाला नाही. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नसल्याचा खुलासा शासनाने तातडीने केला होता. थोडे तालुके नांदेडचे आणि थोडे लातूरचे कापून केलेल्या या जिल्ह्याला अजून स्वतःची इमारत नव्हती, म्हणून मुख्यालय एका बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये थाटलं होतं. कापूस यायचा थांबल्यापासून तिथे छताला फक्त कोळी राहत होते. त्यांच्या जाळ्यांखाली टेबलं मांडून जिल्ह्याचा कारभार सुरू झाला.

शेडच्या एका कोपऱ्यात जिल्हा साधनसामग्री विभाग होता आणि तिथे सिंधु सरवदे कनिष्ठ लिपिक होती. नांदेडजवळ विष्णुपुरीच्या विद्यापीठात राहून तिनं जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी. केली होती. आता ती आवक-जावक टेबलावर शिक्के मारत असे. आपलं शिक्षण वाया गेलं याचं तिला फार वाईट वाटायचं. ते खरंच वाया गेलं असतं तर बरं झालं असतं, पण तसं व्हायचं नव्हतं.

एका सोमवारी तिच्या टेबलावर बोरगव्हाणच्या बायकांचा अर्ज आला. गावची विहीर तळाला गेली आहे, रोज एका बाईला दोर बांधून आत सोडावं लागतं, ती वाटीवाटीनं पाझर भरते, आणि दोर पार विरलेला आहे; तरी नवा दोर मिळावा, ही विनंती. खाली पहिलीच सही कोंडाबाई सरवदे यांची होती. ती सही सिंधुला ओळखू आली, कारण तिनंच ती आईला शिकवली होती. तिनं लगेच फोन लावला.

"माय, आत कोण उतरतं?"

"म्याच. समद्यात हलकी म्याच हाय. बाकीच्या भरलेल्या हायेत, त्या वढत्यात वरून."

"आणि दोर?"

"दोर हाय की. दोन जागी गाठी मारल्यात. तू फिकीर नको करू, पर जरा लवकर धाडा म्हनावं तुज्या सायबाला."

सिंधु अर्ज घेऊन तडक साहेबांकडे गेली. जिल्हा साधनसामग्री अधिकारी शेषेराव साहेब नुकतेच मुंबईहून तीन दिवसांची नवकल्पना कार्यशाळा करून आले होते. तिथे त्यांनी ऐकलं होतं, की वजनास वजन धरलं तर कोळ्याचा धागा पोलादाहून पाचपट मजबूत असतो. दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं त्यांना काही आठवत नव्हतं, पण हे वाक्य डोक्यात पक्कं बसलं होतं. त्यांनी अर्जाच्या समासात हिरव्या शाईनं लिहिलं, 'पोलादाहून पाचपट मजबूत धागा निसर्गात उपलब्ध असता साधा दोर का? टिपणी सादर करा.'

"साहेब, समोरच्या दुकानात दोर टांगलेला आहे," सिंधु म्हणाली. "आत्ता आणून पाठवता येईल."

"मला दिसतोय तो. पण आता फाइलवर अधिक मजबूत साहित्याची नोंद झालीय. त्यानंतर कमी मजबूत साहित्य घेतलं, तर उद्या लेखापरीक्षणात काय सांगायचं?"

"पण नोंद तुम्हीच केलीत, साहेब."

"म्हणूनच ती पाळणं माझं कर्तव्य आहे."

सिंधुला वाटलं, नीट समजावून सांगितलं की साहेब आपोआप माघार घेतील. शिकलेल्या माणसाला असं वाटतं. तिनं चार पानांची टिपणी लिहिली. कोळ्याच्या पोटातल्या ग्रंथीत प्रथिन पाण्यात विरघळलेलं असतं. अरुंद नळीतून ओढलं जाताना त्यातलं पाणी निघून जातं आणि त्याचा धागा होतो. या प्रथिनाच्या लांब साखळीत दोन प्रकारचे भाग आळीपाळीनं येतात. एक कडक भाग, त्याचे थर एकावर एक घट्ट बसून बारीक स्फटिक होतात; त्यामुळे धागा तुटत नाही. दुसरा सैल भाग, तो वेटोळ्यासारखा असतो, ओढला की लांबतो आणि बसलेला हिसका जिरवून टाकतो. एकटा कडक भाग काचेसारखा तडकेल, एकटा सैल भाग नुसताच ताणला जाईल. दोन्ही एकत्र असल्यानं धागा टिकतो. मुद्दा अकरामध्ये तिनं जाळ्याविषयी लिहिलं: फार ओढ बसली तर जिथे ओढ बसते तेवढा एकच धागा तुटतो, बाकीचं जाळं शाबूत राहतं. शेवटी ठळक अक्षरांत तिनं लिहिलं, की असा धागा दोरभर जमवणं अशक्य आहे आणि पाण्यात भिजला की तो आखडून जवळजवळ निम्मा होतो, सबब विहिरीला निरुपयोगी आहे.

साहेबांनी टिपणी तीनदा वाचली. "फार सुंदर," ते म्हणाले. "निम्मा होतो ना? मग मागणी दुप्पट लांबीची करा."

त्याच आठवड्यात कोळिष्टक संवर्धन कक्ष स्थापन झाला. एका जिवंत विषयतज्ज्ञाची सोय झाल्यानं सिंधुला कक्षाचा अतिरिक्त कार्यभार मिळाला. कोळी सात तऱ्हांचे धागे काढतो असं तिनं चुकून सांगितलं, तर सात उपसमित्या झाल्या. जिल्ह्यात जळमटं काढण्यावर बंदी आली. नवरात्र तोंडावर होतं. माळवदाच्या घरांतल्या बायका झाडू उचलून उभ्या राहिल्या आणि ग्रामसेवकानं त्यांच्या हातातले झाडू पावती देऊन जमा केले. जिनिंगमधले चारशे बारा कोळी जडवस्तू नोंदवहीत चढले. त्यांची रोज मोजदाद करायचं काम शिपाई व्यंकटीकडे आलं.

"म्याडम, आज आकरा कमी भरले," व्यंकटी चौथ्या दिवशी घाबरून सांगत आला.

"कोळी एकमेकांना खातात, व्यंकटीमामा. एकत्र ठेवता येत नाहीत, म्हणून तर त्यांची शेती होत नाही."

"त्ये मला ठावं हाय. पर सायबानं मला नोटीस काढलीया, आकरा कोळी कुटं गेले म्हून. म्या कुनाला खाऊन राहिलो का?"

इकडे बोरगव्हाणच्या दोराला तिसरी गाठ पडली. मग चौथीच्या जागी लुगड्याच्या चिंध्या वळून जोड दिला. सिंधु दर दोन दिवसांनी फोन करी आणि कोंडाबाई दर वेळी म्हणे, "हाय अजून, तुटला न्हाई." शेवटी सिंधुनं फाइल, टिपणी, उपसमित्या सगळं बाजूला ठेवलं, समोरच्या दुकानातून मनगटाएवढा जाड दोर घेतला आणि बोरगव्हाणवरून जाणाऱ्या मुदखेडच्या गाडीत घालून दिला. दुसऱ्या दिवशी कोंडाबाईचा फोन आला. आवाजात नुसतं हसू होतं. "सिंधे, लई भारी दोर हाय गं. बायका म्हंत्यात, ह्याला हत्ती बांधावा." सिंधु त्या दिवशी पोटभर जेवली.

तीन दिवसांनी तपासणी पथक बोरगव्हाणला पोचलं. शासकीय विहिरीवर विनिर्देशात न बसणारा दोर आढळला. फाइलवर कोळ्याच्या धाग्याची मागणी प्रलंबित असताना कुणी साधा दोर लावणं म्हणजे मागणीच खोटी ठरवणं. पथकानं पंचनामा केला आणि दोर जप्त केला. नियमाप्रमाणे 'मूळ स्थिती पूर्ववत' करणं भाग होतं, म्हणून पथकातल्या दोघांनी गोठ्यात टाकलेला जुना दोर शोधून काढला आणि स्वतःच्या हातानं रहाटावर चढवला. बायकांनी आरडाओरडा केला. पथकप्रमुख म्हणाले, "ताई, आम्ही काही काढून घेत नाही आहोत. होतं तसंच करून देतोय."

गुरुवारी सकाळी तो दोर चिंध्यांच्या जोडापाशी तुटला. कोंडाबाई तेव्हा तळापासून दोन पुरुष उंचीवर होती. वरच्या बायकांनी लुगडी एकमेकींना बांधून तिला वर काढलं. मांडीचं हाड मोडलं होतं आणि घागर पाझरात पडून फुटली होती.

आता मात्र चहूकडून ओढ बसली. पेपरात बातमी आली. मोर्चा आला. विधानसभेत प्रश्न आला. सिंधु दवाखान्यात आईच्या उशाशी बसून वाट पाहत होती, की आता तरी काही तुटेल. पण मोर्चाला साहेब स्वतः सामोरे गेले, निवेदन दोन्ही हातांनी घेतलं आणि सहानुभूतिपूर्वक विचाराचं आश्वासन दिलं. बातमीला खुलासा गेला. प्रश्नाला चौकशी समिती मिळाली, समितीला मुदतवाढ मिळाली. कुणी फार जोरात ओढलं की नियम पुढे येई, कुणी जरा सैल सोडलं की 'उद्या या' पुढे येई. सगळं थोडं थोडं लांबलं आणि पुन्हा जागेवर आलं.

पंधरा दिवसांनी साहेबांनी सिंधुला बोलावलं. समोर निलंबनाचा आदेश होता: विनापरवाना दोर पुरवून शासकीय विहिरीच्या मूळ स्थितीत हस्तक्षेप केला, त्यातून पुढील घटना घडली.

"मनाला लावून घेऊ नका," साहेब खरोखर कळवळून म्हणाले. "तुमचीच टिपणी पुन्हा वाचत होतो. मुद्दा अकरा. ओढ बसते तिथला एकच धागा तुटतो, बाकीचं जाळं शाबूत राहतं. काय लिहिलंय हो तुम्ही! ही टिपणी मी विभागाच्या रचनेसाठी नमुना म्हणून वर पाठवतोय."

सिंधुच्या जिवाचा संताप झाला होता आणि तो काढायला त्या शेडमध्ये जागा नव्हती. साहेबांच्या मागच्या काचेच्या कपाटात तिला तो जाड दोर दिसला, लाखेची मोहर लावून गुंडाळून ठेवलेला.

संध्याकाळी तिनं आईला टिपणीसकट सगळं सांगितलं. प्लास्टरातला पाय उशीवर ठेवून कोंडाबाईनं ते नीट ऐकून घेतलं.

"म्हंजे कडक भाग त्यो तुजा सायब," ती म्हणाली. "तुटलेला धागा तू. मंग त्ये सैल काय म्हनालीस, हिसका जिरवनारं, त्ये कोन गं?"

सिंधुनं उशाशी पडलेला पेपर उचलला. आईच्या पडण्याची बातमी तिसऱ्या पानावर होती. ती जिल्हाभर वाचली गेली होती, वाचून सगळे अरेरे म्हणाले होते आणि पान उलटलं होतं. सैल भाग फार मोठा असतो, असं ती म्हणाली. या सैल भागात आपणही आलो, ही गोष्ट वाचत इथवर थोडं हसत आणि थोडं हळहळत पोचलेले. दोर अजून साहेबांच्या कपाटात आहे. कपाटाला कुलूप नाही, आणि तो मागायला अजून कुणी गेलेलं नाही.