वाघजाकीट

आईकडून गाडीची किल्ली परत कशी मिळवावी, या विषयात अख्ख्या जिल्ह्यात माझा हात धरणारा कोणी नाही!

झालं असं की होळीच्या आधी मोहर्लीच्या रस्त्यावर मला एक रानडुक्कर आडवं आलं. मी मोटरसायकलसकट नालीत गेलो. डुकराला काही झालं नाही. ते थोडा वेळ थांबून माझ्याकडे बघत होतं, मग सभ्यपणे निघून गेलं. माझं फक्त कोपर सोललं. पण बायनाबाईंनी, म्हणजे माझ्या आईनं, गाडीची किल्ली पदराच्या गाठीत बांधली आणि त्या गाठीवर आणखी एक गाठ मारली.

मी वाघांच्या जंगलाच्या मोहर्ली गेटवर गाईड आहे. पहाटेच्या हजेरीला उशीर झाला की आपली सफारीची जिप्सी दुसऱ्या गाईडला जाते. आणि आमच्या गावातून पहिली एसटी निघते, तोवर पर्यटक वाघ बघून, पोहे खाऊन ढेकर देत असतात! असंच चालू राहिलं तर गेटवरून माझं नावच कटणार होतं.

म्हणून मी ऑनलाइन एक जाकीट मागवलं. त्याच्या आत हवेची पिशवी असते. दोरीचं एक टोक जाकिटाला, दुसरं गाडीला. माणूस गाडीवरून उडाला की दोरीला हिसका बसतो, आतली गॅसची नळी फुटते आणि पापणी लवायच्या आत मानेभोवती, पाठीला, छातीला गादी तयार! बेत अगदी साधा होता. आईसमोर जाकीट घालायचं, गाडीवर बसायचं, दोरी अडकवून समजावून सांगायचं आणि किल्ली घ्यायची. फुगवून दाखवायचा प्रश्नच नव्हता, कारण नळी एकच होती.

पण आमच्याकडे घरात नवी वस्तू आली की आधी शेजारचे गुणवंतराव येतात, मग खोका उघडतो.

"अश्विन, कायचं हाय बे हे?"

"जाकीट हाय भाऊ. मान वाचवते."

"वाघासाठी हाय का?"

"नाई भाऊ, गाडीवरून पडलो त..."

"पडाले जाकीट कायले पाह्यजे? आमी बिना जाकिटाचेच पडतो!"

तोवर हापशीवरची गर्दी पाण्याची गुंडं तिथेच सोडून आमच्या अंगणात आली होती. मी जाकीट घालून गाडीवर बसलो, दोरी अडकवून ते कसं फुगतं ते सांगितलं, तोच गुणवंतरावांनी सगळ्यांच्या साक्षीनं माझी उलटतपासणी सुरू केली.

"वाघ कुठी धरते?"

"मानेले."

"हे कुठी फुगते?"

"मानेले."

"मंग!"

"पण भाऊ, दोरी? गाडी नसली त दोरी कायले बांधाची?" मी विजयी मुद्रेनं विचारलं.

"झाडाले! वाघ ओढते, दोरी तानते, जाकीट फुगते. वाघाच्या तोंडात नुसती हवा! थू थू करून सोडून देते."

मी ते मनातल्या मनात तपासून पाहिलं. दुर्दैवानं चूक सापडली नाही.

आई कोपऱ्यात मोहफुलं वाळत घालत होती. आता उठली, जवळ आली, जाकिटाची कॉलर चिमटीत धरून पाहिली.

"खरंच फुगते का रे?"

"फुगते म्हंजे! तू फक्त किल्ली दे."

आणि तिनं पदर हातात घेतला! वरची गाठ सुटली. मी श्वास रोखला. खालची गाठही सैल होऊ लागली. एवढ्यात फाटकातून बापूजी आत आले. बापूजी आमच्या विहाराचे सगळ्यात वडीलधारे. गाडीवर बसल्या बसल्या त्यांना जयभीम घालायची गावात कोणाची हिंमत नाही. मी टुणकन खाली उतरलो, दोन पावलं पुढे गेलो, हात जोडले...

दोरी गाडीलाच होती.

फट्टाक!

आता, आमच्या गावात फटाका दोनदाच वाजतो. दिवाळीला, आणि वाघ दिसला की. दिवाळीला बरेच महिने होते.

"वाघ! वाघ!" पलीकडच्या आळीतून आरोळी उठली. कोणी तेलाचा पिपा बडवत आलं, कोणी ताटली, कोणी काठ्या. ढोलवाल्या पोचूनं तर लग्नातला ढोलच गळ्यात अडकवून आणला! मी अंगणाच्या मधोमध उभा होतो. मान कॉलरमध्ये आवळलेली, हनुवटी आभाळाकडे, हात जयभीमलाच जोडलेले. गळ्यात ट्यूब घालून विहिरीत पोहायला शिकणाऱ्या पोरासारखा! फक्त विहीर नव्हती.

"कुठी हाय? कुठी हाय?"

मान वळेना, म्हणून मी डोळ्यांनीच आईला खुणावलं की वाघ नाही म्हणून सांग. आई गोठ्याच्या बाजूला उभी होती.

"पाहा, त्याले दिसून राह्यला! गोठ्यात हाय!" गर्दीतून कोणीतरी ओरडलं.

सगळा गाव गोठ्यावर तुटून पडला. आतून गुणवंतरावांची बकरी निघाली आणि थेट हापशीपलीकडे पसार झाली. मग वनविभागाची जीप आली. कोणीतरी तेवढ्यात फोनसुद्धा केला होता!

"वाघ कोणी पाह्यला?" वनरक्षकानं विचारलं.

"अश्विननं."

"अश्विन कोण?"

"हा फुगलेला."

त्यानं मला बोटानं दाबून पाहिलं. मग दुसऱ्या बाजूनं दाबलं.

"हे कायचं जाकीट हाय?"

"गाडीचं," मी म्हणालो.

"वाघाचं!" अख्खा गाव म्हणाला.

वनरक्षकानं पुन्हा एकदा दाबलं आणि उदास होऊन म्हणाला, "आमाले काऊन नाई भेटलं बा हे?"

शेवटी निकाल गुणवंतरावांनीच दिला. "जाकीट फुगलं आन् वाघ आलाच नाई. अजून कायचा पुरावा पाह्यजे?"

गर्दी पांगली. जाकिटातली हवा सुस्कारे टाकत निघून गेली. मला वाटलं, गेली किल्ली, गेली नोकरी! आई माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"गाडीवर तू कसा बसतं? ताठ का वाकून?"

"ताठ."

"आन् मी पाहाटे मोहाखाली फुलं वेचतो तवा?"

"वाकून."

"मंग वाघाले मान कोनाची दिसते?"

एवढ्या वर्षांत हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. मी रोज परक्या लोकांना वाघापासून सांभाळून फिरवत होतो, आणि माझी आई त्याच जंगलात पाठीवर फक्त पदर घेऊन वाकत होती. मी जाकीट काढलं आणि तिला घातलं. तिनं खालची गाठ सोडली आणि किल्ली माझ्या हातावर ठेवली.

मी नवी नळी मागवली. आता रोज पहाटे आई माझ्यामागे बसते. वाटेत आमचं मोहाचं झाड लागतं, तिथे ती उतरते, जोड देऊन लांब केलेली दोरी झाडाला बांधते आणि फुलं वेचते. मी गेटवर सगळ्यांच्या आधी पोचतो.

"पण मी पडलो त?" मी तिला विचारलं होतं.

"तुले हेल्मेट हाय. आन् वाळलेला मोह मोहर्लीले इकाले न्यायचाच हाय, त छातीले बांधून ने. पडला त मऊ लागन."

तेव्हापासून मी छातीला मोहाचं पोतं बांधून जंगलातून जातो. काल एका पर्यटकानं विचारलं, "आज वाघ दिसेल ना?" म्हटलं, साहेब, वाघाचं काही सांगता येत नाही. पण मोहफुलांवर जीव टाकणाऱ्या अस्वलांना त्यांचा वास फार लांबून येतो. आजकाल ती रस्त्याच्या कडेला उभं राहून माझी वाट बघतात!