तेराचे सव्वीस

समोरच्या गॅलरीत आठ खिळे, तीन खिळ्यांवर एकेक कपडा आणि उजव्या कडेच्या खिळ्याला बोंबलांची माळ. इकडे, कमलाबाईंच्या ठाकूरद्वारच्या खानावळीत, बावन्न भाकऱ्या, तेरा सत्याग्रही आणि हेरंब. हेरंब स्वतःला मुंबईतला एकमेव शास्त्रोक्त गुप्तहेर म्हणवत असे. आजवर त्याने एकच प्रकरण उलगडलं होतं : हरवलेली चप्पल त्याच्याच पायात निघाली होती.

त्याचा मदतनीस चिंतामणी मात्र घामाघूम झाला होता. तोंडी निरोप पोलिसांपर्यंत पोचत, म्हणून जेवायला किती जण येणार ते खिळ्यांवरून कळवायची युक्ती त्याचीच. गणकयंत्रांवरच्या पुस्तकातून उचललेली. उजवीकडून पहिला खिळा एकाचा, मग दोन, चार, आठ, सोळा. कपडा असेल तेवढेच खिळे धरून बेरीज करायची.

सकाळी तुकडीप्रमुख कुशाबांनी तिथे तेरा टांगले. दहा वाजता चिंतामणीने सव्वीस वाचले. माणशी दोन भाकऱ्या भाजल्या गेल्या.

"ज्याला तेरा वाचता येत नाहीत, तो उद्याच्या मोर्च्यात माझ्या तुकडीत नको," कुशाबा म्हणाले.

तीन महिने चिंतामणी त्या तुकडीत शिरायची वाट पाहत होता.

"थांबा!" हेरंबने भिंग काढलं. "उरलेले तेरा इथेच आहेत. यांतला प्रत्येकजण दोन आहे!"

"मग एकाच ताटात जेवतील," कमलाबाई म्हणाल्या. "बाजूला हो, आमटी सांडेल."

"तर मग पोलिसांनी एक कपडा वाढवला."

"कपडे सकाळीही तीनच होते," चिंतामणी म्हणाला.

"म्हणजे एक काढून एक टांगला! काय धूर्त लोक! आणि त्या बोंबलांत सांकेतिक मजकूर आहे."

"बोंबील कापड नव्हेत. तो खिळा मी शून्य धरला."

समोरच्या गॅलरीवाल्या जाईबाईंचा आवाज आला, "माझ्या बोंबलांका कित्याक नावां ठेवतास? त्या कडेच्या खिळ्यार ऊन येता, म्हणान सगळे कपडे एकेक खिळो पलीकडे सरकवलंय. एक पण काढूक नाय हां!"

चिंतामणी ताडकन उठला. "प्रत्येक कपडा एक घर डावीकडे! एकाचे दोन, चाराचे आठ, आठाचे सोळा. सगळंच दुप्पट!"

"प्रत्येकजण दोन आहे, हे मी आधीच सांगितलं होतं," हेरंब म्हणाला आणि त्याने एक भाकरी उचलली.

कुशाबांनी बोटांवर हिशेब केला. पुन्हा केला. मग गॅलरीकडे वळून ओरडले, "जाईबाई, बोंबील उचला आणि कपडे जागेवर आणा. उद्याचा आकडा टांगायचाय."

कपडे सरकले : आठ, चार, एक.

कुशाबांनी चिंतामणीकडे पाहिलं. "जाईबाई, आता एकावरचा कपडा दोनावर घ्या."

आठ, चार, दोन. बेरीज चौदा.