पोटावरचा पेला

परदेशातून परतलेल्या कर्मचाऱ्याने निवांत झाल्याशिवाय कामावर येऊ नये, असा लिफ्ट बनवणाऱ्या एका कंपनीचा नियम होता. नियम चांगलाच होता. वाईट नियम कुणी करतच नाही, ते पुढे आपोआप होतात.

या नियमात सापडले लिफ्टसाहेब. होते इंजिनिअर, पण इमारतीची लिफ्ट बंद पडली की सगळे शेजारी त्यांच्याकडेच रागाने बघत, म्हणून हे नाव. नवी लिफ्ट दाखवायला ते परदेशी गेले आणि गिऱ्हाइकाच्या बड्या साहेबांसकट दोन मजल्यांच्या मधोमध अडकले. वर जाता येईना, खाली उतरता येईना आणि चेहऱ्यावरचे हसू काढता येईना. बाहेर दार उचकटण्याची खटपट चालू असताना लिफ्टसाहेबांनी आत आयुष्याचा विचार केला, कारण करण्यासारखे दुसरे काही नव्हते. जन्मभर लोकांना वर पोचवले, पण बाल्कनीत बसलेल्या बापाशेजारी एक दुपार नुसते बसणे काही जमले नाही. आता घरी गेले की बसायचे, मग आभाळ कोसळो.

आप्पा, म्हणजे त्यांचे वडील, बसण्यात पटाईत होते. निवृत्त झाल्यापासून ते आरामखुर्चीतून उठत ते जेवणापुरते. शेजारी एक रिकामी खुर्ची मांडलेली असे. सून केर काढताना ती उचलायला गेली की म्हणत, "राहू दे. बाळ्याची आहे." बाळ्या रोज दाराबाहेर पडताना "आलोच आप्पा, मग बसू" असे म्हणत असे. हे गेली कित्येक वर्षे चालू होते.

तर बाळ्या आला. बॅग टाकली, तोंडावर पाणी मारले आणि थेट खुर्चीकडे निघाला. तोच बेल वाजली. दारात कंपनीचे विसावा निरीक्षक उभे होते.

"बसू नका," ते म्हणाले. "आधी तपासणी व्हायची आहे."

तपासणी सोपी होती. कर्मचाऱ्याने उताणे पडायचे आणि पोटावर काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला ठेवायचा. थेंब सांडला नाही तर माणूस निवांत. लिफ्टसाहेब फरशीवर आडवे झाले, पेला पोटावर आला, "सांडला तर?" असे मनात आले आणि सांडला.

"आपण अनिवांत आहात," निरीक्षक खेदाने म्हणाले.

"अहो, आत्ता विमानातून उतरलेत," बायको म्हणाली. "घटकाभर बसू तरी द्या की."

"बसणं ही कृती आहे, वहिनी. तिला परवानगी लागते, आणि ती निवांत माणसालाच मिळते."

"मग यांनी निवांत व्हायचं कसं?"

"ते आमच्या अखत्यारीत नाही. आम्ही फक्त तपासतो." जाता जाता त्यांनी एवढेच सांगितले, की साहेब लवकर निवांत झाले नाहीत तर विश्रांतीसाठी त्यांना परदेशी पाठवावे लागेल.

झाले! लिफ्टसाहेबांनी निवांत होण्यासाठी कंबर कसली. सकाळी उठून पेला, जेवून पेला, झोपताना पेला. फरशी इतकी ओली राहू लागली, की बायको घरात भिंत धरून चालायला शिकली. निरीक्षक रोज येत, रोज मान हलवत. आणि बाल्कनीतली खुर्ची रिकामीच.

एके दुपारी निरीक्षकांची नजर आप्पांवर गेली. आप्पा डुलकी काढत होते. निरीक्षकांनी हळूच त्यांच्या पोटावर पेला ठेवला. पाणी घोरण्याच्या तालावर वरखाली झाले, पण थेंब म्हणून सांडला नाही. निरीक्षकांचे डोळे भरून आले.

"सगळी नोकरी तपासण्यातच गेली माझी," ते म्हणाले, "पण असा माणूस पाहिला नाही."

दुसऱ्या दिवशी आप्पांची विसावा मार्गदर्शक म्हणून नेमणूक झाली.

"मला काही करायचं नाहीये," आप्पा म्हणाले.

"आम्हाला तेच हवं आहे," निरीक्षक म्हणाले.

सकाळी गाडी येऊ लागली. आप्पा टाय लावून सभागृहात काही न करण्यावर व्याख्याने देऊ लागले. संध्याकाळी फोन, सुट्टीच्या दिवशी बैठक. जेवताना त्यांचा पाय टेबलाखाली हलू लागला. लवकरच विसावा जगभर न्यायचे ठरले आणि आप्पांची बॅग भरली गेली. दारात वळून ते मुलाला म्हणाले, "आलोच रे बाळ्या. मग बसू."

आप्पांना जाऊन काही आठवडे झाले, तेव्हा एका दुपारी लिफ्टसाहेब परवानगी न घेता बाल्कनीत गेले आणि आपल्या खुर्चीत जाऊन पडले. शेजारची आरामखुर्ची रिकामी होती. बापाच्या अंगाने कापडाला पडलेला खोलगट भाग तेवढा दिसत होता. त्याकडे बघता बघता त्यांचे डोळे मिटले. निरीक्षक कधी आले, पेला कधी ठेवला, त्यांना कळलेच नाही.

एकही थेंब सांडला नाही.

"अभिनंदन," निरीक्षक म्हणाले. "आपण पूर्ण निवांत आहात. उद्याच निघा. ते गिऱ्हाईक वाट बघतंय, लिफ्टही दुरुस्त झालीय."

लिफ्टसाहेब ज्या दिवशी गेले, त्याच दिवशी संध्याकाळी आप्पा परतायचे होते. पेला घेऊन निरीक्षक दुपारपासून दारात ताटकळत होते. सुनेला दया आली.

"बसा की जरा. दोन्ही खुर्च्या रिकाम्याच आहेत."

"मला परवानगी नाही, वहिनी," ते म्हणाले. त्यांच्या हातातला पेला निम्मा सांडला होता.

तुम्हाला हसू आले असेल. येऊ द्या, तुमच्या पोटावर पेला नाही. पण हे वाचायला बसताना आतल्या खोलीतून कुणीतरी हाक मारली होती आणि तुम्ही "आलोच" म्हणाला होतात. ते माणूस अजून वाट बघते आहे.